घरमा दाना शे

गेल्या वर्षी मृग लागायच्या दोन-तीन दिवस आधीची संध्याकाळ. साडेपाचच्या सुमाराला आभाळ आधी पिवळं, मग मातकट झालं, आणि पाच मिनिटांत समोरच्या बिल्डिंगवरच्या टाकीचं झाकण आमच्या गच्चीत येऊन पडलं. लाइट गेली. जळगावात वादळात लाइट जाणं ही काही बातमी नाही, त्यामुळे मी मेणबत्ती शोधायचेही कष्ट घेतले नाहीत. पण लाइट रात्री आली नाही, सकाळीही आली नाही. दूधवाला उशिरा उगवला आणि म्हणाला, यावल-रावेरकडे केळीच्या बागा झोपल्या ताई, विजेचे खांब तर मोजतच आलो. म्हणजे तोही दिवस गेला. डोळे दाखवायला चाळीसगावहून आलेली माझी मावशी दिवाणावर पाय घेऊन बसली होती, ती काही बोलली नाही. तिने फक्त विचारलं, पीठ किती आहे.

पीठ नव्हतं. त्याच दिवशी दळण न्यायचं होतं. निवडलेल्या गव्हाचा डबा दाराशीच ठेवलेला. चक्की विजेवरची, ती बंद. भाताचं म्हणाल तर आमच्याकडे भात म्हणजे पानाच्या कडेला वाटीभर, आणि वर्षाचा तांदूळ घ्यायचा मी आज-उद्या करत राहिले होते. होता तो पहिल्या रात्रीच्या आणि दुसऱ्या सकाळच्या खिचडीत संपला. कोपऱ्यावरच्या दुकानातलं पिशवीतलं पीठ दहा वाजायच्या आत गेलं होतं, पावही गेले होते. आणि माझ्या स्वयंपाकघरामागच्या छोट्या खोलीत त्या वेळी दीड क्विंटल गहू, पन्नास किलो दादर ज्वारी, तूरडाळ, उडीद, मूग, हरभरे असं सगळं पत्र्याच्या कोठ्यांत काठोकाठ भरलेलं होतं. मी मोठ्या अभिमानाने मावशीला ती खोली मोबाइलच्या बॅटरीत दाखवली. तिने एका कोठीवर बोटाने टिचकी मारली. भरलेल्या कोठीचा आवाज येतो तसा बद्द आवाज आला. मग ती आमच्या अहिराणीत म्हणाली, "घरमा दाना शे, पन खावाले काय शे व बाई?"

हसून म्हणाली. पण मला ते लागलं.

खरं तर ही खोली मी 2020 नंतर भरायला लागले. 24 मार्चच्या त्या रात्री आठ वाजता टीव्हीवर घोषणा झाली आणि साडेआठला आमच्या गल्लीतलं दुकान जत्रेसारखं भरलं होतं. मीही त्यात होते. काय आणलं असेल मी? नूडल्सची बारा पाकिटं, टोमॅटो सॉस, दोन किलो रवा, कॉफी, आणि का कोण जाणे, कस्टर्ड पावडर. घरी येऊन ते ओट्यावर मांडलं तेव्हा माझी मलाच लाज वाटली. चार माणसांच्या घरात आणीबाणी आली आणि मी कस्टर्ड पावडर आणली. त्या दिवसांत बायकोला हसण्याचं नवऱ्याला निमित्तच मिळालं. अजूनही कुठे वादळ-वारं झालं की तो म्हणतो, कस्टर्ड आहे ना गं घरात? त्या लाजेतून मी दुसऱ्या टोकाला गेले. दरवर्षी एप्रिलमध्ये वर्षाचं धान्य भरायचं, आई भरायची तसं. आई भरायची त्यातलं निम्मंच मी उचललं हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही.

आईची कोठी म्हणजे नुसतं धान्य नव्हतं. अमळनेरकडचं आमचं ते धाब्याचं घर, मातीचं छत, त्यामुळे मे महिन्यातही आतली खोली गार. बाहेर पारा पंचेचाळीसच्या पुढे, आणि त्या खोलीत गेलं की पायाला शेणाने सारवलेल्या जमिनीचा गारवा. गहू उन्हात तापवून, निवून घेतल्याशिवाय कोठीत जायचे नाहीत. गरम धान्य भरलं की आत घाम धरतं, म्हणायची. कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवलेला. उन्हात वाळवला तर त्याचा कडूपणा जातो हे तिचं मत. तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात. मूग-उडदाला चाळलेली राख, दाणा न् दाणा करडा दिसेपर्यंत. दाणा दाताखाली फोडून बघायची, कट्ट आवाज झाला तर वाळला. दबला तर परत गच्चीवर. पुढे कुठेतरी वाचलं की साठवणीच्या धान्यात ओल बारा टक्क्यांच्या आत हवी. आईकडे त्यासाठी दाढ होती. कीड मारायच्या गोळ्या तिने घरात येऊ दिल्या नाहीत, आणि ते बरंच केलं. त्या गोळ्यांतून निघणारा फॉस्फिन वायू सोंडे मारतो तसाच बंद खोलीत झोपलेली माणसंही मारतो. तरी माणसं अजून कोठीशेजारी खाट टाकून झोपतात आणि त्याच कोठीत गोळ्यांची पुरचुंडी असते.

पण कोठीच्या वर एक फळी होती. लहानपणी आमचं लक्ष कोठीकडे नसायचंच, सगळं त्या फळीकडे. एका ओळीत पितळी आणि डालड्याचे डबे: फुटाणे, मुरमुरे, भाजलेले शेंगदाणे, गुळाची ढेप कापडात बांधलेली, सातूचं पीठ, मेतकूट, आवळकाठी. शेतावरून कुणी अवेळी आलं, एसटी चुकली, चूल ओली झाली, घरात कुणी गेलं आणि चूल पेटवायची नाही, अशा वेळी आई कोठीकडे जायची नाही, फळीकडे हात करायची. प्रवासाला निघायचं तर दुधात भिजवलेल्या दशम्या, तीन दिवस मऊ राहायच्या. पाणी लागलं नाही की टिकतं, एवढंच तिचं शास्त्र. माझ्या खोलीत फळी नव्हती. फळीवरचं सगळं आता वीस रुपयांच्या पुडीत कधीही मिळतं, मग साठवायचं कशाला, असा माझा हिशेब. ती पुडी देणारं दुकान उघडं असेल, रस्ता चालू असेल आणि मोबाइलवरून पैसे जातील, या तिन्ही गोष्टी मी गृहीत धरल्या होत्या.

मावशीने त्या संध्याकाळी आणखी एक प्रश्न विचारला. घट्या कोठे शे? घट्या म्हणजे जातं. जातं आहे की, म्हटलं, खाली पार्किंगमध्ये, तुळशीच्या कुंडीखाली. आईच्या घरून आणलं तेव्हा त्याचा खुंटा तुटलेला होता आणि ते कसं शोभेचं दिसत होतं. मावशी खूप हसली. मग तिने गहू आणि हरभरे अर्धे अर्धे घेतले, धुतले, पातेल्यात भिजत घातले. रात्री आम्ही शेंगदाणे, गूळ आणि दूधवाल्याने दिलेली केळी खाल्ली. त्याच्या मेहुण्याच्या आडव्या झालेल्या बागेतली होती ती, काही अर्धी हिरवी, फणीला माती लागलेली. व्यापारी पडलेला माल उचलत नाही म्हणून वाटून टाकत होते. अठरा महिने राखलेली बाग, आणि आम्ही मेणबत्तीत बसून सालं काढत होतो. गोड लागत होती, हेच वाईट वाटत होतं. सकाळी भिजून टंच झालेले गहू-हरभरे कुकरमध्ये मीठ घालून शिजवले, आठ-नऊ शिट्ट्या, वर तेल-लसणाची फोडणी. घुगऱ्या. चक्की लागली नाही, जातं लागलं नाही. मुलीने तीन वाट्या खाल्ल्या. आम्ही खात असतानाच फ्रीज गुरगुरला. लाइट आली होती.

मग मला पडलेला प्रश्न धान्याचा उरला नाही. घुगऱ्या मला माहीत नव्हत्या का? होत्या. लहानपणी आजी द्यायची. पण पीठ नाही म्हटल्यावर माझ्या डोक्यात दुकानापलीकडे काहीच आलं नाही, आणि सातवी शिकलेल्या मावशीला एका मिनिटात रस्ता सापडला. तिच्या आयुष्यात असं किती वेळा झालं असेल, हे मी त्या दिवसापासून तिला थोडं थोडं विचारत गेले.

1972 मध्ये ती वीस वर्षांची, नवी नवरी. दोन वर्षं पाऊस दगा देत आलेला, आणि त्या वर्षी विहिरीच आटल्या. सासरची मोठी शेती, पण शेतावर गवत नाही. घरातली सगळी माणसं पाझर तलावाच्या कामावर, सासूसुद्धा. तोवर सासूने सुनेसमोर कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, आणि तिथे दोघी एका पाटीत माती टाकायच्या. कामावर सुकडी मिळायची, गोडसर कोरडा चुरा. मुलं ती मुठीत घेऊन जिभेने चाटत घरी यायची. रेशनवर लाल मिलो ज्वारी आली, अमेरिकेची. तिची भाकरी थापताना कडेने फाटायची, रंग विटकरी, आणि गार झाली की चामडं. मावशी आजही लाल ज्वारी म्हटलं की तोंड वाकडं करते. पण त्या वर्षीही सासूने कोठीतले उडीद विकले नाहीत. सोनं गहाण ठेवलं, बैल दिले, उडीद ठेवले. मिलोच्या चार शेरात शेरभर उडीद घालून कळण दळायची. बाकी घरांत लेकरांचे हातपाय काटकुळे झाले, पोटं पुढे आली. आमच्या घरातली तगली, असं मावशी म्हणते. ती हे उडदाच्या खात्यात मांडते. त्यात नशीबाचा आणि थोड्या जास्त सोन्याचाही भाग असणार, पण उडदाचं पूर्ण चुकीचं नाही. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन कमी पडतं, ते उडदात भरपूर. उडदात जे मेथिओनिन कमी, ते ज्वारीत मिळतं. उडदाच्या 100 ग्रॅममध्ये प्रथिनं 24 ग्रॅमच्या आसपास, ज्वारीत दहा. आपण भरितासोबत हौसेने खातो, हॉटेलवाले खान्देशी थाळीत मिरवतात, ती कळण्याची भाकरी मुळात पोट आणि अंग दोन्ही सांभाळायचं गणित आहे. दुसऱ्या कुठल्या भाकरीबद्दल मला हे म्हणता येणार नाही.

आणि मग 31 ऑगस्ट 2021. आमच्या पिढीला दुष्काळ ऐकून माहीत, पूर तर खान्देशाला येत नाही अशीच समजूत. त्या पहाटे डोंगराकडे कोसळलेल्या पावसाने तितूर आणि डोंगरी दोन्ही नद्या चाळीसगावात शिरल्या, कन्नड घाटात दरडी आल्या, जनावरं दावणीला बांधलेली वाहून गेली. मावशीचं घर नदीच्या अंगाला. पाणी आलं तेव्हा अंधार होता. पायाला गार लागलं म्हणून ती उठली. घरातली पाच माणसं शेजारच्या दोन मजली घराच्या गच्चीवर गेली आणि दीड दिवस तिथेच. दुष्काळ बघितलेल्या मावशीच्या घरी त्या वेळी सात क्विंटल धान्य होतं. सगळं खाली. माळ्यावर मुरमुऱ्यांचं पोतं, फुटाणे आणि अर्धी ढेप, ते तिच्या मुलाने छातीएवढ्या पाण्यातून डोक्यावर आणलं, आणि दोन्ही घरांची अकरा माणसं त्यावर राहिली. पुराच्या पाण्यात उभं राहून प्यायला पाणी नव्हतं, हे ती दर वेळी सांगते. पावसाचं पाणी पातेल्यात धरलं.

मी चौथ्या दिवशी पोचले. चिखल एव्हाना खरवडून झाला होता, पण वास होता. दादरची कोठी पाण्यात तीन फूट उभी राहिली होती. ज्वारी भिजली, फुगली आणि तिने पत्र्याचा खालचा सांधा फाडला. त्या फटीतून दाणे जिभेसारखे बाहेर लोंबत होते. हात घातला तर आतून गरम. धान्य आंबायला लागलं की गरम होतं हे मला तेव्हा कळलं. आंबूस, कुबट, थोडा दारूसारखा वास. कुणी म्हणालं, वरचा थर कोरडा आहे, तो काढा. काढला, पसरला, पण ऊन कुठे होतं? दोन दिवसांत त्यावर हिरवट-काळी बुरशी चढली. गुरांना घाला म्हणाले तर मावशीनेच नको म्हटलं, बुरशीचा दाणा गुराच्याही अंगावर उठतो. आणि गुरं तरी कुठे राहिली होती? सात क्विंटल उकिरड्यावर गेलं. मावशी ओट्यावर बसून बघत होती. रडली नाही. बाहत्तरला दाना नव्हता, आता दाना आहे तर असा, एवढंच काहीतरी पुटपुटली.

म्हणूनच कदाचित माझ्या कोठीवर तिने ती टिचकी मारली.

दुष्काळाचा साठा आणि पुराचा साठा एक नसतो, हे मला एवढ्या उशिरा समजलं. दुष्काळात वेळ असतो, सरपण असतं, घट्या असतो. नसतो तो दाणा. पुरात, वादळात दाणा असतो आणि त्याचं अन्न करायला लागणारं बाकी सगळं जातं. टाळेबंदीत तर दाणाही होता, वीजही होती, भाजी तेवढी बेभरवशाची. माझी खोली आईच्या दुष्काळासाठी भरलेली होती. तो दुष्काळ आईने चौदाव्या वर्षी पाहिला, त्याची भीती तिच्या हातांतून माझ्या हातांत आली, आणि मी प्रश्न न विचारता ती कोठीत भरत राहिले.

त्या जूननंतर मी वहीत हिशेब मांडला. आपत्तीत मदत वाटणाऱ्या संस्था माणशी दिवसाला 2100 कॅलरी धरतात. माणशी 400 ग्रॅम धान्य, 80 ग्रॅम डाळ, 25 ग्रॅम तेल आणि मूठ-मूठ गूळ-दाणे धरले की आकडा तिथेच येतो. चार माणसांना पंधरा दिवसांना 24 किलो धान्य, पाच किलोच्या आसपास डाळी, दीड किलो तेल. बस, एवढंच. माझ्याकडे याच्या आठपट धान्य होतं आणि तरी एका संध्याकाळी आम्ही केळ्यांवर होतो. तेव्हा वाढवायचं नव्हतं, बदलायचं होतं. पंधरा दिवसांतले पहिले तीन दिवस चूल पेटणारच नाही असं धरलं आणि फळी परत आली. फुटाणे, डाळ्या, शेंगदाणे, मुरमुरे, पोहे (नुसते धुतले तरी खाता येतात, याला तोड नाही), सातूचं पीठ, गूळ, खजूर, दूध पावडरचा एक डबा. डाळ्यांत प्रथिनं, दाण्यांत तेल, खजुरात साखर. तीन दिवस माणूस नीट उभा राहतो. गुळाला पावसाळ्यात पाझर फुटतो म्हणून तो काचेच्या बरणीत. मावशीला साखरेचा आजार, तिच्या वाट्याला खजूर नाहीत, फुटाणे आणि दाणे जास्त. आणि सगळं कमरेच्या वर.

मग हळूहळू बारीकसारीक गोष्टी दिसायला लागल्या. पीठ साठवायचं नाही, दाणा साठवायचा, हे बरोबरच. दाणा फुटला की त्यातलं तेल हवेला लागतं. बाजरीत तेल जास्त, 100 ग्रॅमला 5 ग्रॅमच्या आसपास, म्हणून तिचं पीठ आठवड्यात कडू लागायला लागतं. दादरचं जरा जास्त तग धरतं. शेंगदाणे फोललेले ठेवण्यापेक्षा शेंगाच ठेवाव्यात; पण ओल लागलेली, काळपट शेंग निर्दयपणे फेकावी, त्या बुरशीचं विष भाजूनही पूर्ण जात नाही. दोन वर्षं जुनी तूर शिजता शिजत नाही, गॅस मात्र संपवते. आणि आणीबाणीत गॅस म्हणजे पाण्याखालोखालची गोष्ट. मूग लवकर शिजतात, शिवाय मोड येतात. कोरड्या साठ्यात बरंच काही असतं, क जीवनसत्त्व मात्र जवळपास नसतं, आणि वाळक्या मुगाला मोड आणले की ते दोन दिवसांत तयार होतं. फडक्यात बांधलेले मूग म्हणजे अंधाऱ्या स्वयंपाकघरातली हिरवी भाजीच. पाण्याचं मात्र आम्हा खान्देशींना कुणी शिकवू नये. चार-चार दिवसांआड नळ येणाऱ्या गावांत वाढलेली माणसं आम्ही. आमच्याकडे पाहुणा आला की आधी त्याला पिंप दाखवतात. तरी प्यायचं पाणी माणशी दिवसाला तीन लिटर वेगळं, झाकून, हे नव्यानेच.

नंदुरबारला नोकरीला असलेल्या मैत्रिणीने मला एकदा धडगावच्या बाजारातून मोहाची वाळलेली फुलं आणून दिली होती. मनुक्यासारखी चिकट, वासाने डोकं धरायला लावणारी. सातपुड्यातल्या घरांत ती उन्हाळ्यात गोळा करून पावसाळ्यासाठी ठेवतात; उकडून खातात. भगर तिथे सालासकट ठेवतात, लागेल तशी कांडतात. साल असलेली बारीक धान्यं वर्षानुवर्षं राहतात, कीडही त्यांना भीक घालत नाही. शहरात आपण दारूशी जोडून मोहाची चेष्टा करतो. आमच्या काळ्या मातीच्या सपाटीवरच्या कोठ्यांना जेवढा मान, तेवढा त्या डोंगरावरच्या पाट्यांना कधी दिला नाही, मी तरी नाही.

आता एक गोष्ट लिहिताना मला थोडं जड जातंय. वाळवण. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास आमच्या गल्लीत बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा घाटा लागायचा तेव्हा सगळ्या घरांवर लसूण, जिरं आणि शिजत्या ज्वारीचा वास असायचा. घाटा हलवायला दोन बायका लागायच्या, लाकडी दांड्याला दोन्ही हातांनी धरून. गरम घाटा वाटीत, मधे खळगा, त्यात कच्चं तेल. जीभ भाजायची आणि तरी थांबता यायचं नाही. खाटेवर जुनं लुगडं, त्यावर बिबडे, कुरडया, आणि कावळे हाकायला आम्ही पोरं. पापडांचे, कुरडयांचे ते उंच डबे आई ‘वर्षाची बेगमी’ म्हणून दाखवायची. परवा हिशेबाची वही घेऊन मी त्याच डब्यांसमोर उभी राहिले आणि लक्षात आलं, यातलं आणीबाणीला फारसं काही उपयोगाचं नाही. कुरडई म्हणजे गव्हाचा चीक. प्रथिनं धुऊन काढलेली. पापडात उडीद आहेत, पण मीठ आणि पापडखार एवढा की पाणी जपायचं असेल त्या दिवशी तहान वाढवणार. तळायला तेल आणि विस्तव, दोन्ही. बिबडे त्यातल्या त्यात बरे, ज्वारीचे आहेत आणि भाजूनही खाता येतात. आईच्या बेगमीवर मी अशी वहीतून काट मारली आणि मग रात्री उगाचच दोन कुरडया तळून खाल्ल्या. साध्या खिचडीवर त्या चुरून घातल्या की पोरं जेवतात, हेही एक काम आहेच. बाहत्तरच्या सुकडीत गूळ नसता तर कुठल्या पोराने ती चाटत घरी नेली असती?

फळी भरून झाल्यावर मी त्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. तारखा घातल्या. वर मोठ्या अक्षरांत ‘आणीबाणी, हात लावू नये’. नवऱ्याने खाली ‘कस्टर्डसह’ असं पेन्सिलीने लिहिलं. मुलीला दोनदा ओरडले, फुटाणे संपवायचे नाहीत म्हणून. हिवाळा गेला, वादळ झालं नाही, लाइट जाऊन-येऊन राहिली. यंदाच्या मे महिन्यात खोलीत गेलं की भिंतीला हात लागत नव्हता. आमच्या घराला धाबं नाही, स्लॅब आहे, आणि स्लॅबखाली दुपारी भट्टी असते.

मागच्या आठवड्यात मावशी परत आली, दुसऱ्या डोळ्यासाठी. दुपारी मी बँकेतून येईपर्यंत ती एकटी होती. आले तर मागच्या खोलीचं दार उघडं, स्टुलावर चढता येत नाही म्हणून तिने मुलीकडून डबे खाली घेतलेले, आणि दोघी जमिनीवर बसून ‘आणीबाणी’च्या डब्यातले शेंगदाणे खात होत्या. मला राग आला. मावशी, ते ठेवलेले आहेत गं, म्हटलं. तिने चिठ्ठी वाचली नव्हती, वाचता आलीही नसती, डोळ्याला पट्टी. तिने तोंडातला दाणा जिभेवर फिरवला, डोकं हलवलं आणि डबा माझ्याकडे सरकवला.

"खवट व्हई ग्यात."

मी एक तोंडात टाकला. जुन्या तेलाची, रंगाच्या डब्यासारखी चव. तारखेप्रमाणे अजून दोन महिने होते, पण तारीख घातली होती हिवाळ्यात. मी डबा पाटीत उपडा केला. मावशीने शेंगांची पिशवी मागितली, मुलीने आणली, आणि आम्ही तिघी संध्याकाळपर्यंत शेंगा फोडत बसलो. निम्मे दाणे फोडता फोडताच संपले. कुणी कुणाला ओरडलं नाही.